सराफा ओळीत पनामा

गजभिये मास्तरांनी फळ्यावर दोन समुद्र काढले
आणि मध्ये कडबोळ्याएवढी जमीन.
ही पनामा, म्हणाले. पेरूचं सोनं-चांदी
खेचरांवर लादून इथूनच स्पेनच्या राजाकडे जायचं.
पेरू ऐकून मागचा बाक हसला.
मास्तर थांबले नाहीत. जंगलातून खडूची एक वाट काढून
तिच्यावर त्यांनी बाराशे चाचे चालवले,
नऊ दिवस, उपाशी.

आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता.
झिरो माईलच्या खांबावर गावांची अंतरं कोरली आहेत,
त्यात समुद्राचं नाव नाही.
नंदू बारापात्रेनं हात वर केला :
सर, आपल्याकडे नव्हते का चाचे?
मास्तर खिडकीतून महालाच्या दिशेनं बघत राहिले.
आपल्याला समुद्र नव्हता, ते म्हणाले,
म्हणून घोडे होते.
तिकडे बंगालात आया पोरांना आपली भीती घालून निजवत.
मग बोटानं समुद्राचा एक कोपरा पुसत म्हणाले,
हे परीक्षेला नाही.

पहाटे चारला आई आणि मी इतवारीत.
शटरं वर जायच्या आत ओटे, पायऱ्या, नालीचं तोंड
कुंच्यानं अलगद झाडायचं,
पोरीच्या केसांतून ऊ काढावी तसं.
आम्ही सोनझरी. कारागिराच्या कानशीतून,
फुंकणीतून, पँटच्या दुमडीतून जे सांडतं
तेवढंच आमचं.

नालीचा गाळ परातीत फिरत होता
आणि मी सांगत होतो.
भुकेनं कातडी पिशव्या खाल्ल्या त्यांनी, आई.
"भाजून का शिजवून?"
दगडानं कुटून, भिजवून, मग भाजून.
"हं," ती म्हणाली. "असं जमते."
तिला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.

शहरवाल्यांनी त्यांच्या अंगावर बैल सोडले.
"मंग?"
बैल उलटे पळाले.
आई इतकी हसली की परातीतलं पाणी सांडलं,
आणि मग सांडलेल्या पाण्याकडे
ती बराच वेळ बघत बसली.

चाचे पोचेस्तोवर सोनं जहाजात चढून गेलं होतं.
शहर पेटलं.
एका चर्चात सोन्याची वेदी होती म्हणतात,
तिला पुजाऱ्यानं काळं फासून ठेवलं.
चाच्यांना ते लाकूड वाटलं.
मग त्यांनी विहिरी उपसल्या, आणि
वितळलेल्या चांदीसाठी कितीक दिवस राख चाळली.

आईचा हात थांबला.
"राख चाळली?"
हो.
"चाळणी कितीची?"
हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.
"पारा होता का त्यायच्यापाशी?"
हेही नाही.
"पाऱ्याबिगर काय माती निघते!
बाराशे मानसं. कातडं खाऊन आले एवढ्या दूर.
आन् शेवटी करून काय राह्यले, तं आपलं काम.
तेही येत नोतं."

परातीच्या काठाशी खसखशीएवढं काही चमकलं.
तिनं बोट ओलं केलं, उचललं,
डबीत झटकलं.

परतताना चौकात शिपायानं काठी आडवी घातली.
टोपलीत खुपसून ढवळलं.
काय आहे?
"गाळ," आई म्हणाली,
आणि कोपरापर्यंत काळे हात
त्याच्या नाकासमोर धरले.
त्यानं रुमाल काढला. जा म्हणाला.

गांधीबाग येईतो आम्ही दोघं गप्प.
मग डोक्यावरची टोपली सावरत तिनं विचारलं,
"त्या पुजाऱ्याले पगार किती असन रे?"